लिबर्टाडोरेसच्या नॉकआउटमध्ये ३-० ची लीडपण पुरत नाही का?

रंकाळा_१०

मंडळी, युरोपातलं फुटबॉल कॉलेजपासून बघतोय पण कोपा लिबर्टाडोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) नीट बघायला लागलो ते २०२५ पासून, तेही ग्रुप स्टेज सोडून डायरेक्ट नॉकआउट. काही गोष्टी डोक्यावरून गेल्यात, जाणकारांनी जरा सांगा.

सेमीफायनलला इक्वाडोरच्या किटोमध्ये तिथल्या एलडीयू क्लबने ब्राझीलच्या पाल्मेरासला हाफटाइमच्या आतच तीन हाणले. पाल्मेरास म्हणजे आबेल फेरेराची टीम, २०२० आणि २०२१ चा कप लागोपाठ उचललेली, आणि त्यांच्या पोरांचे पायच उचलत नव्हते. मॅच आपल्याकडे सकाळी ६ ला, पहिला चहा संपायच्या आत विषय संपल्यासारखा वाटला. मग आठवड्याने साओ पावलोला तीच टीम, तोच कोच आणि ४-०. हाफटाइमला २-०, नंतर राफाएल वेगाचे दोन, त्यातला एक पेनल्टी. एलडीयू घरी.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर नॉकआउट म्हणजे एकच मॅच, हरलास की चालू लाग, त्यामुळं हा दोन लेगचा हिशोब (एक मॅच घरी, एक बाहेर, मग गोलची बेरीज) मला अजून पचत नाही. तर प्रश्न असे की दुसरी मॅच घरी कोणाला द्यायची हे ठरतं कसं, अवे गोल (बेरीज सारखी असेल तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल केलेला पुढे) धरतात का, बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम न देता सरळ पेनल्टी का घेतात, आणि ही उंचीची भानगड खरी आहे की हरलेल्यांची रड आहे?

ठाणेकर_स्वीपर

आधी नियम सांगतो, मग बाकीचे येऊन भांडतीलच.

ग्रुपमध्ये ३२ टीम, ४-४ चे ८ ग्रुप, पहिल्या दोघी वर. तिसरी आलेली सुदामेरिकाना कपच्या, म्हणजे तिथल्या दोन नंबरच्या स्पर्धेच्या, प्लेऑफमध्ये जाते, चौथी घरी. मग राउंड ऑफ १६ चा ड्रॉ, तो पॅराग्वेत लुकेला कॉन्मेबोलच्या (दक्षिण अमेरिकेची फुटबॉल संघटना) मुख्यालयात निघतो. एका भांड्यात ग्रुप विनर, दुसऱ्यात दोन नंबरवाले. इथं देशाचं बंधन नाही, त्यामुळे एकाच देशाचे दोन क्लब लगेच समोरासमोर येऊ शकतात, २०२४ ला पाल्मेरास आणि बोटाफोगो इथंच भिडले आणि पाल्मेरास बाहेर गेली. फायनलपर्यंतचा अख्खा तक्ता त्याच दिवशी पक्का होतो, नंतर परत चिठ्ठ्या नाहीत.

आता तुझा पहिला प्रश्न. राउंड ऑफ १६ ला ग्रुप विनरला दुसरी मॅच घरी. क्वार्टर आणि सेमीला ज्याची ग्रुप स्टेजमधली कामगिरी भारी, पॉइंट आणि मग गोल फरक वगैरे, त्याला. म्हणून मी लोकांना सांगतो की ग्रुपची शेवटची मॅच 'आता काय फरक पडतो' म्हणून सोडू नका. पाल्मेरासने २०२५ ला ग्रुपच्या सहाच्या सहा मॅच जिंकल्या होत्या. किटोत ३-० खाल्ल्यावर त्यांच्या हातात जी घरची मॅच उरली होती ती त्यांनी एप्रिल-मेमध्ये कमावून ठेवलेली. हीच टाय उलट असती, आधी साओ पावलो मग किटो, तर काय झालं असतं कोण जाणे.

अवे गोल २००५ पासून होता, २०२२ पासून काढून टाकला. एक्स्ट्रा टाइम फक्त फायनलला. बाकी सगळ्या राउंडला १८० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर सरळ पेनल्टी. मला विचारशील तर हे बरोबर आहे, ब्राझीलच्या क्लबचं कॅलेंडर बघ एकदा, राज्याची चॅम्पियनशिप, ३८ मॅचची लीग, कोपा दो ब्राझील आणि मधे मधे पाच-सहा तासांची विमानं. त्यात अजून अर्धा तास खेळवायचा म्हणजे पोरं मरतील.

दादरचा_बोका

एक्स्ट्रा टाइम नसण्याचा फायदा कसा उठवायचा हे आमच्या बोका ज्युनियर्सला विचार 😄

२०२३. राउंड ऑफ १६ ला नासिओनाल, ०-० आणि २-२, पेनल्टी. क्वार्टरला रेसिंग, ०-० आणि ०-०, पेनल्टी. सेमीला पाल्मेरास, ०-० आणि १-१, पेनल्टी. सहा मॅच, एकही जिंकली नाही आणि फायनलला! सगळा खेळ गोलकीपर चिकितो रोमेरोच्या हातात दिलेला. लोक म्हणाले काय हा रटाळपणा, मी म्हणतो रटाळ कसला, हा प्लॅन आहे. आपल्याकडे चांगला कीपर आहे, समोरची टीम आपल्यापेक्षा श्रीमंत आहे, एक्स्ट्रा टाइम नाही, अवे गोल नाही, मग उघडं पडायचं कशाला? अवे गोलचा नियम असता तर नासिओनालबरोबरच आमचं आटोपलं असतं कारण २-२ आमच्या घरी झालं होतं. पाल्मेरासबरोबर मात्र १-१ त्यांच्या घरी झालेलं, तिथं पेनल्टी न घेताच आम्ही वर गेलो असतो. दोन्ही बाजू बघा.

फायनलला रिओच्या माराकानावर फ्लुमिनेन्सेकडून २-१ हरलो, तिथं एक्स्ट्रा टाइम होता ना. जॉन केनेडी नावाच्या पोराने ९९ व्या मिनिटाला ठोकला, प्रेक्षकांत जाऊन नाचला, दुसरं पिवळं कार्ड घेतलं आणि मैदानाबाहेर. त्या क्षणी वाटलेलं आता बरोबरी करू. नाही झाली.

काळू_नदी_ट्रेकर

उंचीबद्दल मी लिहितो कारण हा विषय निघाला की अर्धे लोक म्हणतात सगळं उंचीच करते आणि अर्धे म्हणतात बहाणे आहेत, आणि दोघंही एखादी मॅच धरून बसतात.

किटोतलं एलडीयूचं स्टेडियम साधारण २,८०० मीटरवर आहे. ला पासचं एर्नांदो सिलेस ३,६०० च्या आसपास. एल आल्तो तर ४,००० च्याही वर, तिथं ऑल्वेज रेडी खेळते. आपलं कळसूबाई १,६४६ आहे म्हणजे ला पासला कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवून वर अजून चढायचं आणि मग तिथं ९० मिनिटं पळायचं. दम लागतो तो लागतोच पण त्यापेक्षा जास्त गंडवतो तो बॉल. हवा विरळ, बॉलला अडवायला काही नाही, तो जास्त वेगाने जातो आणि कमी वळतो. खालून आलेल्या कीपरला लांबून मारलेला शॉट अंदाजापेक्षा आधी येऊन आदळतो, डिफेंडरच्या लांब पासला बॉल लाइनच्या बाहेर. यजमान टीमला हे माहीत असतं, म्हणून तिकडं २५-३० मीटरवरून बिनधास्त शॉट मारतात, बघितलं असशील.

पाहुण्या टीमचा नेहमीचा उपाय म्हणजे वर राहायचंच नाही. बोलिव्हियाला जाताना बरेच क्लब खाली सांता क्रूझला मुक्काम करतात, मॅचच्या काही तास आधी वर येतात, खेळतात आणि लगेच खाली पळतात. शरीराला सवय व्हायला आठवडे लागतात, तेवढा वेळ कोणाकडेच नसतो, मग त्रास सुरू व्हायच्या आत काम उरकायचं असा हिशोब.

पण आता दुसरी बाजू. उंची एवढीच सगळं करत असती तर बोलिव्हियाच्या क्लबनी कपाटं भरली असती. त्यांचा एकही क्लब आजवर फायनलला गेलेला नाही. बोलिव्हार २०१४ ला सेमीपर्यंत गेली, तिथं सान लोरेन्झोने ब्युनोस आयर्सला ५-० लावले, मग ला पासला १-० जिंकून काय उपयोग. दोन लेगचा हाच तर न्याय आहे, एक मॅच तुझ्या हवेत, एक माझ्या. वर ३ देऊन खाली ४ खाल्ले हे विचित्र नाही, हे इथं नेहमीचं आहे. २०१७ ची क्वार्टर बघ, कोचाबांबाला विल्सटरमनने रिव्हर प्लेटला ३-० हरवलं, परतीच्या मॅचला रिव्हरने ८ घातले. आठ! एकट्या स्कोक्कोचे पाच.

आणि एलडीयूला फक्त उंचीची टीम म्हणणं अन्याय आहे. २०२५ ला त्यांनी आधीचा चॅम्पियन बोटाफोगो काढला, मग साओ पावलोला तर दोन्ही मॅचमध्ये हरवलं, दुसरी मॅच साओ पावलोच्या घरी होती, तिथं कुठली उंची. २००८ ला कप जिंकला तो माराकानावर फ्लुमिनेन्सेसमोर पेनल्टीवर. घरी ४-२, तिकडं ३-१ ने हरले, एकूण ५-५, आणि पेनल्टीला त्यांचा कीपर सेवायोस उभा राहिला. इक्वाडोरचा आजवरचा एकमेव लिबर्टाडोरेस तोच.

रंकाळा_१०

जबरदस्त, एवढं अपेक्षित नव्हतं. ८-० चा हायलाइट आत्ताच बघून आलो, नाद खुळा.

@ठाणेकर, म्हणजे सेमीपर्यंत दोन लेग आणि फायनल एकच मॅच, तीपण तिसऱ्याच शहरात? मग तो घरचं-बाहेरचं न्याय शेवटाला गेला कुठं? २०२५ ची लिमाची फायनल बघितली, फ्लामेंगो १-०, कॉर्नरवर डानिलोचं हेडर आणि संपलं. दोन्ही टीम ब्राझीलच्या आणि मॅच पेरूत. मजा आली पण किटो-साओ पावलोवाली धग नव्हती. हे आधीपासून असंच आहे का?

जुना_हाफबॅक

नाही रे बाबा. १९६० ला स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून २०१८ पर्यंत फायनलसुद्धा घरी-बाहेर. आणि आधी तर गोलची बेरीजसुद्धा करत नसत, पॉइंट मोजायचे. तू एक जिंकलास मी एक जिंकलो की बरोबरी, मग तू ५-० ने जिंक नाहीतर १-० ने, तिसरी मॅच तिसऱ्या देशात. १९६२ ला पेलेच्या सँटोसने पेन्यारोलला असंच ब्युनोस आयर्सला तिसऱ्या मॅचमध्ये ३-० हरवून पहिला कप घेतला.

पण तिसऱ्या मॅचचा खरा किस्सा १९६६ चा. पेन्यारोल आणि रिव्हर, मॉन्टेव्हिडिओला पेन्यारोल २-०, ब्युनोस आयर्सला रिव्हर ३-२. तिसरी मॅच चिलीत सान्तियागोला. रिव्हर हाफटाइमला २-० वर. रिव्हरचा गोलकीपर आमादेओ कारिझो म्हणजे मोठं नाव, त्याने एक बॉल हाताने न धरता छातीवर झेलला. पेन्यारोलवाल्यांना तो अपमान वाटला आणि ते पेटले असं सगळे सांगतात. खरं खोटं छातीवर झेललेल्या बॉलला माहीत, पण स्कोअर खरा आहे, २-२ झाले आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२. त्यानंतरच्या मॅचला बानफिल्डच्या लोकांनी लाल पट्टा ओढलेली पांढरी कोंबडी मैदानात सोडली आणि तेव्हापासून रिव्हरला 'गायिनास', म्हणजे कोंबड्या म्हणतात. साठ वर्षं होत आली, अजून चिडवतात, आणि रिव्हरवाले स्वतःपण आता ते मिरवतात.

अजून एक, इंडिपेंडिएन्टेचे सात कप हा रेकॉर्ड सगळे सांगतात, पण त्या काळी आधीच्या चॅम्पियनला पहिली फेरीच नसायची, थेट सेमीफायनलच्या टप्प्यात प्रवेश. १९७२ ते ७५ सलग चार कप आहेत त्यांचे. मोठेच आहेत, वाद नाही, पण आजच्यासारखं राउंड ऑफ १६ पासून घासून नव्हे.

तिसरी मॅच गेली, बेरीज आली, पेनल्टी आली, काही हरकत नाही. पण २०१९ पासून एक मॅचची फायनल केली ती युरोपची नक्कल आहे आणि मला मुळीच पटलेली नाही. युरोपात माणूस ट्रेनने फायनलला जातो. इथं रिओहून ग्वायाकिलला जायचं म्हणजे खंड ओलांडायचा. २०२२ च्या फायनलला तिथं स्टँडमध्ये रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसत होत्या. लिबर्टाडोरेसची फायनल आणि रिकाम्या खुर्च्या!

ठाणेकर_स्वीपर

काका, पटतंय अर्धं. पण दोन लेगच्या शेवटच्या फायनलला काय झालं तेपण सांगा ना. २०१८, बोका-रिव्हर. बोकाच्या बोम्बोनेरा स्टेडियमवर पहिली मॅच पावसाने एक दिवस पुढे गेली, २-२. दुसऱ्या मॅचला रिव्हरच्या मोनुमेंटाल स्टेडियमकडे जाताना बोकाच्या बसवर दगडफेक, काचा फुटल्या, कॅप्टन पाब्लो पेरेझच्या डोळ्याला इजा, मॅच आधी काही तास पुढे, मग दुसऱ्या दिवशी, मग रद्दच. शेवटी कुठं खेळवली तर माद्रिदला, बर्नाबेऊवर. स्पेनच्या राज्यातून देश सोडवणाऱ्यांचं नाव या कपला दिलंय आणि फायनल स्पेनच्या राजधानीत! रिव्हर ३-१, एक्स्ट्रा टाइममध्ये किंतेरोचा तो लांबून मारलेला गोल, आणि शेवटी बोकाचा कीपरपण पुढं गेलेला असताना पिटी मार्टिनेझ मोकळ्या गोलकडे एकटा पळत गेला.

२०१५ लाही हेच दोघे, राउंड ऑफ १६. बोका सहापैकी सहा जिंकून एक नंबर, रिव्हर कशीबशी १६ वी येऊन पोचलेली. रिव्हरने घरी १-० केलं, परतीला बोम्बोनेरावर ०-० असताना हाफटाइमनंतर टनेलमध्ये रिव्हरच्या पोरांवर झोंबणारा स्प्रे मारला. मॅच बंद, बोका बाद, आणि ती सोळावी रिव्हर पुढं जाऊन कप जिंकली.

दादरचा_बोका

२०१५ काढायची गरज नव्हती 😑

बाकी काकांशी सहमत. एका मॅचच्या फायनलने कोणाचा फायदा झाला ते बघा, २०१९ पासून २०२५ पर्यंत सगळे कप ब्राझीलला, सात पैकी सात. त्याआधी अर्जेंटिना बरीच पुढे होती, आता दोघांचे २५-२५ झाले.

मडगावचा_लेफ्टबॅक

त्याचं कारण एका मॅचची फायनल नाही हो, पैसा आहे. ब्राझीलचे क्लब आता युरोपातून परतलेले खेळाडू आणि अर्जेंटिना-उरुग्वेचे चांगले तरुण दोन्ही विकत घेतात, टीव्हीचे पैसे आहेत, स्पॉन्सर आहेत. बोका-रिव्हर त्या भावात बोलूच शकत नाहीत. २०२४ ची सेमी बघा, बोटाफोगोने पेन्यारोलला पहिल्या मॅचला ५-० आणि अ‍ॅटलेटिको मिनेरोने रिव्हरला ३-०. दोन लेग होत्या ना? दोन्ही टाय पहिल्याच मॅचला मेल्या. दोन लेगने गरीब टीम वाचते हा गैरसमज आहे, उलट १८० मिनिटांत श्रीमंत टीमचा खोल बेंच जास्त कामाला येतो, एका मॅचला एखादा चक्रम दिवस निघू शकतो.

आणि एका मॅचच्या फायनल रटाळ म्हणता तर २०१९ लिमा विसरलात का. रिव्हर १४ व्या मिनिटापासून पुढे, ८८ मिनिटं झाली तरी पुढे, मग फ्लामेंगोच्या गाबिगोलने ८९ ला एक आणि ९२ ला दुसरा. २०२४ ला बोटाफोगोचा ग्रेगोरे पहिल्या मिनिटातच लाल कार्ड घेऊन बाहेर, दहा जणांनी अख्खी मॅच खेळून ३-१ जिंकली. आम्ही घरात पोर्तुगीज कॉमेंट्री लावतो, बाबांना समजते थोडी, कॉमेंटेटरचा आवाज बसला होता शेवटी. ही धग नाही तर काय?

जुना_हाफबॅक

लेफ्टबॅक, धग आहे, पण ती ब्युनोस आयर्समध्ये दोन ब्राझिलियन क्लबची होती. रिओतला बोटाफोगोवाला ज्याने आयुष्यभर वाट बघितली त्याच्या स्वतःच्या स्टेडियमवर कप आलाच नाही. मी २०१३ ची अ‍ॅटलेटिको मिनेरो सांगतो. क्वार्टरला तिहुआनाबरोबर तिकडं २-२, घरी १-१ चालू, इंज्युरी टाइममध्ये तिहुआनाला पेनल्टी. गेली तर बाहेर. रियास्कोसने मारली, मिनेरोचा कीपर व्हिक्टर एका बाजूला पडला आणि मागं राहिलेल्या डाव्या पायाने बॉल उडवला. सेमीला नीवेल्सकडून ०-२ हरून घरी २-०, पेनल्टी. फायनलला ओलिंपियाकडून आसुन्सिओनला ०-२, आणि परत बेलो ओरिझोंतेला २-०, एक्स्ट्रा टाइम, पेनल्टी. लोक स्टँडमध्ये 'एउ आक्रेदितो', माझा विश्वास आहे, एवढंच ओरडत होते, तीन राउंड तेच. ती फायनल लिमाला एका मॅचची असती तर पहिल्या ०-२ लाच गोष्ट संपली असती. रोनाल्डिन्योच्या हातात तो कप बघायला मिळालाच नसता.

मडगावचा_लेफ्टबॅक

हे मात्र बिनतोड आहे काका. मान्य. पण बस फोडणारे सुधारेपर्यंत मी तटस्थ मैदानच मागणार.

काळू_नदी_ट्रेकर

मधला रस्ता, फायनल दोन लेग आणि पाहुण्यांच्या प्रेक्षकांना बंदी, अर्जेंटिनाच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं तसंच चालू होतं. २०१८ च्या फायनललाही पाहुणे प्रेक्षक नव्हते म्हणा, तरी बस फुटलीच.

रंकाळा_१०

मला माझी उत्तरं मिळाली, भांडण बोनस. थोडक्यात पुढच्या वेळी ३-० बघून चॅनल बदलायचा नाही आणि आधी दुसरी मॅच कोणाच्या घरी आहे ते बघायचं. आता एक शेवटचं, नवीन माणसाने जुन्यातली एकच टाय पूर्ण बघायची, दोन्ही लेग, हायलाइट नाही, तर कुठली? बोका-रिव्हर सोडून, ती सगळे सांगतात.

दादरचा_बोका

२०१७ सेमी, लानुस आणि रिव्हर. पहिली मॅच रिव्हर १-०, दुसऱ्या मॅचलाही रिव्हरच पुढं, एकूण ३-० झालेलं. त्यापुढचं सांगत नाही. फक्त एवढं की त्या सेमीफायनलपासूनच या स्पर्धेत व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासणं) सुरू झाला आणि रिव्हरवाले त्या रात्रीबद्दल अजून बोंबलतात.

रंकाळा_१०

परत ३-० 😂 बघतो शनिवारी.